गोळी रोज घेते, तरी हिमोग्लोबिन चढत का नाही?

प्रश्न असा आला आहे: "वय 36. राहायला कळव्याला, नोकरी फोर्टात. एचबी 9.4 होतं. तीन महिने आयर्नची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतेय. बिटाचा रस, खजूर, पालक, सगळं चालू आहे. परवा पुन्हा रक्त तपासलं तर 9.8. शौचाला काळं होतं, पोट बिघडतं. तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकायची सवय लागलीय, ती सुटत नाही. मला गोळी अंगी लागत नाही का? डोस वाढवू का?"

डोस वाढवू नका. मी तर म्हणेन, संध्याकाळची गोळी बंदच करा. त्यानं फारसं काही हुकणार नाही आणि पोट तेवढं शांत होईल. डॉक्टरबाई उलटंच सांगतायत असं वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 27 वर्षं परळ-दादर भागात रक्ताच्या आजारांचेच पेशंट बघतेय, आणि तुमच्यासारखी फाइल आठवड्यातून दोन-तीनदा तरी टेबलावर येतेच.

आधी लोहाचा जमाखर्च. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम लोह असतं, बाईच्या अंगात थोडं कमीच. म्हणजे एखादा खिळा. त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं. हाडांच्या मगजात नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागतं. आणि जेवणातून रोज रक्तात किती उतरतं? 1 ते 2 मिलिग्रॅम. बाकीचं भंगारातून येतं. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. ती म्हातारी झाली की प्लीहेतल्या आणि यकृतातल्या पेशी तिला गिळतात, मोडतात, लोह वेगळं काढतात आणि पुन्हा मगजाकडे रवाना करतात. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडेही इतकी काटकसर दिसणार नाही.

बाहेर जायला मात्र लोहाला वाट नाही. जास्तीचं मीठ, जास्तीचं पाणी मूत्रपिंड टाकून देतं. लोहासाठी अशी सोयच नाही. कातडी झडते, आतड्याचं अस्तर झडतं, त्यांच्याबरोबर ते 1-2 मिलिग्रॅम जातं, तेवढंच. 1937 मध्ये मॅकन्स आणि विडोसन या ब्रिटिश संशोधकांनी ही गोष्ट स्पष्ट मांडली: शरीर लोहाचा तोल सांभाळतं ते बाहेर टाकून नव्हे, आत घेतानाच हात आखडता घेऊन.

हात आखडायला कारणही तसंच आहे. मोकळं लोह पेशींना जाळतं. यकृत, हृदय, स्वादुपिंड यांत ते साचत गेलं की ते अवयव निकामी व्हायला लागतात. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते ओढून काढायला त्या मुलांना आयुष्यभर वेगळं औषध घ्यावं लागतं. अशी मुलं जवळून बघितली की "आयर्न काय, जास्त झालं तरी चांगलंच" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

आता दार कुठे आहे ते बघू. जठर संपून लहान आतडं सुरू होतं, तिथला पहिला वीतभर तुकडा, ज्याला आम्ही ड्युओडिनम म्हणतो, तिथे बहुतेक सगळं लोह शोषलं जातं. मांस-मासळीतलं काही लोह 'हीम'च्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोह धरणाऱ्या भागाच्या, रूपात असतं. ते वेगळ्या वाटेनं, फारशी अडवणूक न होता आत जातं. त्यातलं 15 ते 35 टक्के पदरात पडतं. धान्य, कडधान्य, भाजीपाला यांतलं लोह हीम नसलेलं. त्यातलं कधी 2 टक्के शोषलं जातं, कधी 20. एवढा फरक का, ते पुढे येईलच.

हे शाकाहारी लोह बहुधा फेरिक, म्हणजे सहजी न विरघळणाऱ्या, रूपात असतं. ते विरघळून राहायला जठरातलं आम्ल लागतं, मग आतड्याच्या काठावरचं एक एन्झाइम त्याचं फेरस, म्हणजे आत घेता येईल असं, रूप करतं आणि डीएमटी-1 नावाचं प्रथिन त्याला पेशीच्या आत घेतं. (म्हणून ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांचं लोह कमी पडू शकतं. मुंबईत निम्म्या पर्समध्ये ती गोळी सापडते, तुमच्या असेल तर डॉक्टरांना सांगा.) पण पेशीत शिरलं म्हणजे रक्तात पोचलं असं नाही. आतड्याच्या पेशीला रक्ताच्या बाजूला दुसरं दार आहे, फेरोपोर्टिन. ते उघडं असेल तर लोह पलीकडे जातं आणि ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन त्याला उचलून मगजाकडे नेतं. दार बंद असेल तर लोह पेशीतच फेरिटिनच्या डबीत पडून राहतं. ती पेशी तीन-चार दिवसांत झडते आणि डबीसकट शौचावाटे जाते. तुम्ही गिळलंत, आतड्यानं उचललंही, तरी हाती शून्य.

हे दुसरं दार कोण लावतं-उघडतं, हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. मी एमबीबीएसला होते तेव्हा आम्हाला "आतड्याला आपोआप कळतं" अशा थाटाचं काहीतरी शिकवलं जायचं. 2000-2001 च्या सुमाराला यकृतात तयार होणारं एक इवलंसं प्रथिन सापडलं, अवघ्या 25 अमिनो आम्लांचं. सुरुवातीला ते जंतू मारणारं द्रव्य म्हणून नोंदलं गेलं आणि नावही तसंच पडलं, हेपसिडिन. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये उंदरांच्या भलत्याच जनुकावर काम चालू होतं. त्या उंदरांच्या अवयवांत लोह खच्चून साचलेलं दिसलं. शोध घेतला तर त्या उंदरांमध्ये हेपसिडिन तयारच होत नव्हतं.

मुंबईच्या पेशंटला हेपसिडिन समजावणं मला सोपं जातं. सातही तलाव काठोकाठ भरलेले असोत, पालिकेचा चावीवाला येऊन रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवत नाही तोवर चाळीतला नळ कोरडाच. हेपसिडिन हा तो चावीवाला. तो रक्तात वाढला की फेरोपोर्टिनला चिकटतो, आणि पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. शिवाय हेच दार भंगार मोडणाऱ्या पेशींनाही असतं. म्हणजे चावी बंद झाली की नवा मालही थांबतो आणि भंगारातून येणारंही थांबतं.

चावीवाल्याला हुकूम तीन ठिकाणांहून येतात. साठा भरला की यकृत हेपसिडिन वाढवतं: बंद कर. मगजाला लोहाची घाई असली, उदाहरणार्थ रक्त गेलं असलं, की तांबड्या पेशींची पिल्लं एरिथ्रोफेरोन नावाचा निरोप धाडतात: उघड. (हा निरोप्या 2014 मध्ये ओळखला गेला.) तिसरा हुकूम अंगातल्या संसर्गाचा किंवा सुजेचा, आणि तो बाकी दोघांवर अनेकदा मात करतो. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर लोह कुलपात टाकतं. क्षयरोग, संधिवात, जुनाट मूत्रपिंडविकार, अतिलठ्ठपणा, या सगळ्यांत इंटरल्यूकिन-6 सारखी द्रव्यं हेपसिडिन चढवून ठेवतात. तलाव भरलेले, नळ कोरडा. अशा माणसाला गोळ्यांवर गोळ्या दिल्या तरी हिमोग्लोबिन ढिम्म हलत नाही. दोष गोळीचा नसतो.

याच कारणानं पावसाळ्यात तापातून उठल्यावर लगेच केलेल्या फेरिटिनच्या तपासणीवर मी विश्वास ठेवत नाही. फेरिटिन हा साठ्याचा आकडा खरा, पण सूज आली की तो खोटा फुगतो. डेंग्यूत तर हजारांत गेलेला बघितलाय. निरोगी बाईचं फेरिटिन 15 च्या खाली असेल तर साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते; संसर्ग किंवा सूज असेल तर हीच रेघ 70 वर धरा, असंही तीच म्हणते. फेरिटिन 60 आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं, अशा रिपोर्टवर "आयर्न नॉर्मल" असा शेरा मारून घरी पाठवलेल्या बायका माझ्याकडे नेहमी येतात.

आता तुमच्या दोन गोळ्या. 60 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोहाची गोळी घेतली की काही तासांत हेपसिडिन चढतं आणि साधारण दिवसभर चढलेलं राहतं. सकाळच्या गोळीनं चावी फिरवलेली, त्यावर संध्याकाळची गोळी म्हणजे बंद दारावर धक्के. 2015 मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण मुलींवर हे मोजलं. दिवसातून दुसऱ्यांदा दिलेल्या गोळीनं पदरात पडणाऱ्या लोहात दखल घेण्याजोगी भर पडली नाही. 2017 मध्ये त्यांनीच रोज एक गोळी आणि एक दिवसाआड एक गोळी अशी तुलना केली. रोजच्या गटात सुमारे 16 टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआडच्या गटात सुमारे 22 टक्के. अर्थात गोळ्या तेवढ्याच ठेवल्या तर दिवस दुप्पट लागतात, हेही लक्षात घ्या. माझी पद्धत अशी: सकाळी एकच गोळी, रोज. पोटाला झेपली नाही तर एक दिवसाआड. गरोदर बाईनं मात्र हे वाचून आपल्या मनानं डोस बदलायचा नाही. तिचा हिशेब वेगळा असतो आणि तिला रोजची गोळी सांगितलेली असते ती रोजच घ्यायची.

शौचाला काळं होतं ते न शोषलेलं लोह. ते दिसलं म्हणजे गोळी पोटात पोचतेय, इतकाच अर्थ. गोळी बंद असतानाही डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं झालं तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तूट किती आहे याचाही अंदाज हवा, नाहीतर धीर सुटतो. तुमचं वजन 55 किलोच्या आसपास धरलं तर हिमोग्लोबिन भरून काढायला आणि रिकामं कोठार भरायला मिळून साधारण 1 ग्रॅम लोह लागेल. रोज 10 मिलिग्रॅम मुरलं तरी 100 दिवस झाले. आणि बिटानं? बीट लाल, डाळिंब लाल, रक्त लाल, म्हणून आपल्या आजीपणजींपासून ही समजूत चालत आली आहे. दोन्हींत 100 ग्रॅममागे लोह जेमतेम एखादा मिलिग्रॅम, त्यातलंही शोषलं जाणार थोडंसंच. पालकात 100 ग्रॅमला 3 च्या आतबाहेर, पण ते लोह सहजी सुटत नाही.

म्हणजे खाण्याला अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये. साठा एकदा भरला की तो टिकवायचं काम ताटच करतं, आणि तिथे किती खाल्लं यापेक्षा कशाबरोबर खाल्लं याला महत्त्व आहे. आपल्या कांदेपोह्यांचंच बघा. वर लिंबू पिळतो. त्यातलं क जीवनसत्त्व फेरिकचं फेरस करतं, लोहाला विरघळलेलं ठेवतं, शोषण कितीतरी वाढवतं. आणि मग लगेच मागून चहा! चहातली टॅनिनसारखी द्रव्यं तेच लोह पकडून बसतात. लिंबानं मिळवलं ते चहानं घालवलं. मिसळीचीही तीच कथा: मोड आलेली मटकी, वर लिंबू, सगळं उत्तम, आणि शेवटी कटिंग. चहा सोडा असं मुंबईत कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. फक्त जेवण-नाश्त्यापासून तासभर लांब ठेवा.

मोड आणण्याबद्दल एक शब्द. धान्य-कडधान्यांत फायटेट असतं, तेही लोहाला बांधून ठेवतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट कमी होतं. म्हणून नाचणीच्या नुसत्या पिठापेक्षा मोड आणून केलेलं सत्त्व बरं. नाचणीत कॅल्शियमही दणकून असतं आणि कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवं येतं, त्यामुळे "लोहासाठी नाचणी" हा सल्ला मी देत नाही. हाडांसाठी खुशाल खा. बिडाच्या तव्यावरची आंबोळी, लोखंडी कढईतली आमसूल घातलेली आमटी, यांत भांड्यातलं थोडं लोह पदार्थात उतरतं, आंबट असेल तर जास्त. नॉनस्टिक घरात आलं आणि ही फुकटची भर गेली. मासे खात असाल तर तिसऱ्यांसारखं दुसरं काही नाही. आणि वाटीभर उसळीबरोबर बांगड्याची एक तुकडी असली, तर बांगडा स्वतःचं लोह देतोच, वर उसळीतलंही जास्त शोषायला लावतो.

गोळी कधी घ्यायची? हेपसिडिन सकाळी सगळ्यात कमी असतं, म्हणून उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. गोळीतलं लोह बहुधा आधीच फेरस असतं, त्यामुळे तिला लिंबाची तशी गरज नाही. लिंबू जेवणात वापरा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण गोळी चहाबरोबर घेत असाल अशी मला दाट शंका आहे. घरून निघायच्या आधी गोळी, आणि चहा फोर्टात उतरल्यावर. कळव्याहून तेवढा वेळ जातोच. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती रात्री. थायरॉइडची गोळी असेल तर ती सकाळी आणि आयर्न चार तासांनी, कारण लोह तिलाही शोषू देत नाही. पाकिटावर एलिमेंटल आयर्न, म्हणजे गोळीतलं निव्वळ लोह, किती लिहिलंय ते वाचा. 60 ते 100 मिलिग्रॅम पुरे.

हे सगळं लिहिलं, पण तुमच्या प्रश्नात जी गोष्ट नाही ती मला जास्त खटकतेय. पाळीबद्दल एक अक्षर नाही. एका मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण 0.4 ते 0.5 मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत 30-40 मिलिलिटर गेलं तर महिन्याला 15-20 मिलिग्रॅम; ते अन्नातून भरून निघू शकतं. अंगावरून 80 मिलिलिटरच्या वर जात असेल तर दर महिन्याला 40 च्या आसपास लोह वाहून जातं, आणि आतड्याचं दार सताड उघडं असलं तरी अन्नातून तेवढं भरून येणं कठीण. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का? गाठी पडतात का? रात्री उठावं लागतं का? लोकलमध्ये डाग पडेल म्हणून काळेच कपडे घालून जायचे दिवस असतात का? बायका याला "माझं पहिल्यापासून असंच आहे" म्हणून सोडून देतात. तपासलं की कधी फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) निघतो, कधी थायरॉइड निघतो. तळाला भोक असलेल्या टाकीत पाणी ओतत बसण्यापेक्षा आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन या. (पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे बघितल्याशिवाय मी गोळीची चिठ्ठी देऊन मोकळी होत नाही.)

आणखी एक शक्यता, आणि ही माझ्याच चुकीतून शिकलेली. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत घाटकोपरची कॉलेजातली एक मुलगी माझ्याकडे यायची. एचबी 10 च्या आसपास, पेशी लहान लहान. मी जवळजवळ वर्षभर आयर्न दिलं, ब्रँड बदलून बदलून. शेवटी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) केली तर एचबी ए2 हा प्रकार वाढलेला: थॅलेसेमिया मायनर, म्हणजे स्वतःला मोठा आजार नाही, पण तो मुलांकडे जाऊ शकतो. तिला लोहाची कमतरता नव्हतीच. नशिबानं तिचं फारसं बिघडलं नाही, पण लग्नाच्या बोलणीत जी तपासणी दोन्हीकडे व्हायला हवी होती ती माझ्यामुळे वर्षभर लांबली. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत याचं प्रमाण जास्त आहे, पण बाकीच्यांत नाही असं अजिबात नाही. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) खूप कमी आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर, असा रिपोर्ट दिसला की आता मी आधी ही तपासणी करते. तुमच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, हे दोन आकडे बघून ठेवा.

तर आता इतकं करा: सीबीसी, फेरिटिन, सीआरपी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (ट्रान्सफेरिनवर किती लोह लादलेलं आहे ते) आणि एकदा एचपीएलसी. तपासणीच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी गोळी नको. 9.4 चं 9.8 याला मी वाढ मानत नाही, लॅबच्या मोजणीत एवढा फरक पडतोच. गोळी नीट घेतल्यावर चार आठवड्यांत एचबी निदान 1 नं चढायला हवं. चढलं नाही, आणि रक्तही जात नाहीये, तर सीलियाक आजार (गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याचं अस्तर बिघडतं तो) किंवा जठरातला एच. पायलोरी हा जंतू शोधावा लागतो. गोळी खरंच मानवत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. आतड्याचं दार तिथे वाटेत येतच नाही. ते दवाखान्यात, देखरेखीखालीच. एचबी भरलं की थांबू नका, कोठार भरायला आणखी तीन महिने लागतात. धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, चक्कर येत असेल, तर यातलं काही करत न बसता थेट दवाखाना.

कच्च्या तांदळाचं लाजू नका. कुणी तांदूळ खातं, कुणी खडू, कुणी बर्फ चावत बसतं, माझ्या एक बाई तर कुंडीतली ओली माती हुंगायच्या. हे लोह संपल्याचंच लक्षण आहे, आणि लोह आत जायला लागलं की बहुतेक वेळा ही सवय हिमोग्लोबिन चढायच्या आधीच सुटते. तांदूळ निवडताना हात तोंडाकडे गेला नाही असा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी रिपोर्टच्या आधी मी तीच तारीख विचारणार आहे.